जुन्या जहाजाची पारख

मंडळी, कसाऱ्याकडे जाणारी गाडी खर्डी सोडते आणि घाट लागायच्या आधी उंबरमाळीला क्षणभर थांबते. उतरून चार पावले चालले की साग भेटतो. कोवळे पान हातात चुरगाळले तर बोटे लाल होतात, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्या मुलखात, म्हणजे शहापूर-मुरबाडकडे, जुने घर उतरवायची वेळ आली की मालक सुताराला बोलावतो. सुतार तुळईचे वय विचारीत बसत नाही. वाकसाच्या पाठीने तो दोन ठोके देतो आणि कान लावतो. खणखणीत आवाज आला तर मान हलवतो, भद्द आवाज आला तर तोंड वाकडे करतो. मग वळचणीकडची टोके पाहतो, कारण पावसाचे पाणी तिथेच मुरते. सुरीचे टोक लाकडात खुपसतो. किती आत गेले ते पाहतो. एवढे झाल्यावर सांगतो, "ही तुळई नव्या घराला चालेल, हे दोन वासे चुलीत घाला."

आज मला तुमच्यापुढे अशाच एका पारखीची हकीकत मांडायची आहे. मात्र पारख घराची नव्हे, शिडाच्या जहाजाची. आता तुम्ही म्हणाल, आम्ही डोंगरातली माणसे, जहाजाशी आमचे काय देणेघेणे? थोडे आहे. कसारा घाटाच्या बाजूने येणारी भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला मिळते, आणि उल्हासचे पाणी कल्याणवरून खाडीत जाते. म्हणजे मागे सागाचे रान आणि पुढे समुद्राची वाट, अशी ही जागा आहे. शिवाजीमहाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि लवकरच कल्याणला लढाऊ गलबते बांधायला सुरुवात केली. त्या कामावर रुई लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज होता, आणि वसईच्या पोर्तुगीजांनी त्याला तिथून फोडले, असे पोर्तुगीज कागदांवरून दिसते. त्या गलबतांपैकी आज एकाचीही फळी शिल्लक नाही.

पण आपल्या हातांनी बांधलेले एक शिडाचे जहाज अजून पाण्यावर आहे. ते मुंबईच्या गोदीत १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. म्हणजे खडकीची लढाई व्हायला अजून तीन आठवडे होते, आणि पुण्यात पेशवाई नावाला तरी उभी होती. जहाजाचे नाव 'त्रिंकोमाली'. श्रीलंकेतल्या बंदराचे ते नाव. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांचे आजोबा लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि तेव्हापासून गोदीतल्या मुख्य सुताराचे पद त्या घराण्यात चालत आले. जमशेटजींच्या हातून याआधी 'मिंडेन' (१८१०) आणि 'कॉर्नवॉलिस' (१८१३) ही मोठी लढाऊ जहाजे झाली होती. जहाजाच्या पठाणात, म्हणजे तळाच्या मुख्य सोटात, चांदीचा खिळा ठोकायचा ही पारशी कारागिरांची रीत होती. आपण घराच्या पायात काही तरी घालतोच ना? तसेच ते.

हे जहाज मुंबईत का बांधले? इंग्लंडमध्ये ओकचे मोठे लाकूड दुर्मिळ झाले होते आणि नेपोलियनशी लढाई चालू होती, म्हणून. हुकूम १८१२ सालचा. नकाशे 'जावा' नावाच्या जहाजावरून निघाले, ते जहाज त्याच वर्षी डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी लढाईत घेतले. नकाशे गेले. नवे नकाशे येईपर्यंत आणि काम उभे राहीपर्यंत १८१६ साल उजाडले. तोवर नेपोलियनची लढाई संपून गेली होती! जहाज तयार झाले, १८१९ साली इंग्लंडला पोर्टस्मथला पोचले आणि तिथे नुसते बांधून ठेवले गेले. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे त्याला कामच नव्हते. मला वाटते, हीच त्याच्या दीर्घायुष्याची पहिली पायरी. लढले नाही म्हणून तोफेचे गोळे खाल्ले नाहीत.

पुढे १८४५च्या सुमारास तोफा कमी करून त्याला नवे रूप दिले. १८४७ ते १८५० अमेरिकेच्या पूर्वेकडच्या समुद्रात आणि १८५२ ते १८५७ पॅसिफिकमध्ये त्याने चाकरी केली. वाफेची जहाजे आल्यावर शिडाच्या जहाजाला कोण विचारतो? ते खलाशांच्या पोरांची शाळा झाले. आधी संडरलंड, मग हार्टलपूल, मग साउदॅम्प्टन. १८९७ साली नौदलाने ते मोडीत विकले.

इथे एक माणूस आडवा आला. जेफ्री व्हीटली कॉब. या गृहस्थाने मोडीतून सोडवलेले दुसरे एक जुने जहाज, 'फूद्रोयां', त्याच १८९७ सालच्या जूनमध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले होते. हौस फिटली असे म्हणून घरी बसायचे, तर याने आपले मुंबईचे जहाज मोडणाऱ्याकडून विकत घेतले आणि पुढे त्याला फुटलेल्या जहाजाचे नाव दिले. असली माणसे शेजाऱ्यांना वेडी वाटतात, वाटू देत.

आता कथेचा खरा गाभा. याच कॉबकडे १९१२ साली आणखी एक जहाज आले. 'इम्प्लॅकेबल'. मूळचे फ्रान्सचे, रोशफोरला १८०० साली पाण्यात उतरलेले. ट्रफाल्गरच्या लढाईत ते फ्रेंचांच्या बाजूने होते, तिथून निसटले आणि काही दिवसांतच, नोव्हेंबर १८०५ मध्ये, इंग्रजांच्या हाती लागले. चौऱ्याहत्तर तोफांचे. दोन्ही जहाजे अखेर पोर्टस्मथच्या बंदरात शेजारीशेजारी आली. मुले सुटीत यायची, झोळीत निजायची, दोर ओढायला शिकायची. दुसऱ्या महायुद्धातही दोघांनी मिळून नौदलाच्या पोरांना शिकवले. एकाच बंदराचे पाणी, एकच पाऊस, एकच दुर्लक्ष. युद्धाच्या काळात डागडुजी कोण करणार होते?

युद्ध संपले आणि पारख करायची वेळ आली. इम्प्लॅकेबलची तपासणी झाली. दुरुस्तीच्या खर्चाचा आकडा लाख पौंडांच्या पुढे गेला. इंग्लंडमध्ये तेव्हा लाकूडसुद्धा रेशनवर होते, बाँबने पडलेली घरे उभी करायची होती. २ डिसेंबर १९४९ रोजी त्या जहाजाला ओढून आइल ऑफ वाइट बेटापलीकडे नेले, फ्रान्सचे आणि इंग्लंडचे अशी दोन्ही निशाणे चढवली आणि तळाशी सुरुंग लावून त्याला बुडवायला घेतले. सुरुंग उडाले, तळ फुटला, तरी वरचा भाग बराच वेळ पाण्यावर तरंगत राहिला. मागच्या बाजूचा कोरीव सज्जा आणि नाळेवरचा पुतळा तेवढा आधी काढून घेतला होता, तो ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे. या प्रकाराने लोक हळहळले, आणि 'कटी सार्क' या दुसऱ्या जुन्या जहाजाला १९५४ साली ग्रीनिचच्या कोरड्या गोदीत जागा मिळाली, त्यात या हळहळीचाही वाटा होता.

शेजारचे मुंबईचे जहाज मात्र राहिले. का राहिले? सागाचे होते म्हणून, असे एका शब्दात सांगितले तर आपल्याला बरे वाटेल. पण गुरुजी, वर्गात सांगताना एवढ्यावर थांबू नका. आपले जहाज लहान होते. तोफांचा मजला सुमारे दीडशे फूट लांब, रुंदी चाळीस फूट. इम्प्लॅकेबल त्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे. लहान घराची दुरुस्ती सोपी, वाड्याची अवघड. इम्प्लॅकेबलने लढाया खाल्ल्या होत्या. हे सगळे तराजूत घातले पाहिजे. तरीसुद्धा लाकडाचे पारडे जड आहे, आणि ते का, हे सुताराच्या भाषेत सांगता येते.

ओकच्या लाकडात एक आंबट अंश असतो, तो लोखंडाला खातो. खिळा गंजतो, गंजलेला खिळा भोवतालचे लाकूड नासवतो, भोक मोठे होते, फळी ढिली पडते. सागात तेल असते. त्यात लोखंडाचा खिळा कितीतरी जास्त दिवस टिकतो, पाणी कमी शिरते, वाळवीही सहसा वाटेला जात नाही. शिवाय वाडियांची फळ्या जोडण्याची पद्धत. फळ्यांच्या कडांना खाचा पाडून एक फळी दुसरीत बसवायची, मध्ये कापूस आणि राळ. सुरतेकडची ही जुनी कारागिरी. युरोपात फळीला फळी नुसती भिडवीत आणि फट बुजवीत.

तर मग पडून राहिलेले शिडाचे जहाज दुरुस्त करण्याजोगे आहे की नाही, हे पाहणारा काय पाहतो?

पहिले म्हणजे तो लांब उभा राहून एका डोळ्याने जहाजाची रेघ पाहतो. जुन्या घराचे आढे मध्ये खाली बसते. जहाजाचे उलट. पोटात पाण्याचा उचल जास्त, नाळेला आणि पिछाडीला कमी. म्हणून वर्षानुवर्षे मध्य वर उचलला जातो आणि दोन्ही टोके लोंबतात. पाठ मोडली म्हणतात ती अशी. ही मोड फार झाली असेल तर फळ्या बदलून काही उपयोग नाही, कारण प्रत्येक नवी फळी वाकड्या सांगाड्यावरच बसणार.

मग तो वर चढतो. खाली तळाशी नव्हे, आधी वर. नवख्या माणसाला वाटते की खाऱ्या पाण्यात बुडालेला भाग आधी कुजत असेल. तसे होत नाही. खारे पाणी लाकडाला काहीसे मुरवणासारखे जपते. खरा शत्रू पावसाचे गोडे पाणी. माथ्याच्या फळ्यांतून ते झिरपते, कोपऱ्यात साचते, वारा लागत नाही, आणि तिथे लाकडाचा भुगा होतो. आपल्या कोळी बांधवांना हे कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून वर झापांचे छप्पर घालतात ते कशाला? तळाला चुना आणि तेलाचा लेप देतात तो मात्र दुसऱ्या शत्रूसाठी, समुद्रात लाकूड पोखरणाऱ्या किड्यासाठी. त्याचे भोक बाहेरून टाचणीएवढे दिसते आणि आत बोटभर बोगदे असतात. मोठ्या जहाजांच्या तळाला त्यासाठी तांब्याचा पत्रा ठोकीत.

सगळ्यात शेवटी पठाण. ठोके, सुरीचे टोक, वास. पठाण आणि फासळ्या धड असतील तर बाकीचे बदलता येते. डोलकाठी, शीड, दोर, माथ्याच्या फळ्या, या गोष्टी जहाज चालू असतानाही बदलतच असतात. पठाण गेले तर जे उभे कराल ते नवे जहाज, जुने नव्हे.

पण लाकूड चांगले निघाले तरी दोन प्रश्न उरतात, आणि माझ्या मते जहाजे मरतात ती या दोन प्रश्नांवर. दुरुस्त करणारे हात आहेत का? आणि दुरुस्त झाल्यावर त्याला काम काय? 'कॉर्नवॉलिस'चेच पाहा. चीन आणि इंग्लंड यांच्यातला १८४२ सालचा नानकिंगचा तह त्या जहाजावर झाला. हाँगकाँग इंग्रजांना मिळाले ते त्या तहाने. असल्या जहाजाला शेवटी शीअरनेसच्या गोदीत धक्का म्हणून वापरले आणि १९५७ साली मोडून टाकले. साग तोच, बांधणारे हात तेच. त्याला कोणी कॉब भेटला नाही, दुसरे काय!

मुंबईच्या जहाजाला मात्र १९८६ पर्यंत काम होते. मुलांची शाळा चालू होती, म्हणजे वर्षातून काही दिवस का होईना, कोणी तरी झाडत होते, पाणी उपसत होते, खिडक्या उघडीत होते. ते काम बंद पडल्यावर १९८७ साली त्याला एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणले. हार्टलपूल हे जहाजे बांधणारे गाव, पण तिथल्या गोद्या बंद पडल्या होत्या आणि कारागीर रिकामे होते. १९९० साली काम सुरू झाले, १९९२ साली मूळचे त्रिंकोमाली हे नाव परत दिले, २००१ साली काम पुरे झाले. खर्च एक कोटी पाच लाख पौंड. मुंबईत बांधायला तेवीस हजार पौंडांच्या वर थोडे लागले होते. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी मांडून मुलांना विचारा, हा व्यवहार शहाणपणाचा का? पैशाची किंमत पावणेदोनशे वर्षांत किती बदलली हेही मुले विचारतील, विचारू द्या. मी स्वतः म्हणेन, होय, शहाणपणाचा. कारण सांगाड्याचा मोठा भाग मूळचाच निघाला. दुरुस्तीचा पैसा अस्सल वस्तूवर पडला, नकलेवर नव्हे. आणि रिकाम्या हातांना दहा वर्षे काम मिळाले, ते वेगळेच. आज हे जहाज हार्टलपूलच्या जुन्या गोदीत पाण्यावर उभे आहे. इंग्लंडच्या नौदलाचे पाण्यावर असलेले याहून जुने लढाऊ जहाज नाही. नाळेवर पागोटे घातलेल्या पुरुषाचा पुतळा आहे.

या कौतुकात एक गोष्ट राहून जाते. साग कोणाचा? त्रिंकोमालीचा साग मलबारकडचा. तिथल्या सागावर कंपनीने १८०६ सालीच आपला हक्क लावला आणि कॅप्टन वॉट्सन नावाचा अधिकारी नेमला. १८२३ पर्यंत ती व्यवस्था चालली, लोकांच्या तक्रारींमुळे बंद झाली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात जंगलखाते आले ते १८४७ साली, डॉक्टर गिब्सन यांच्या हाताखाली. पुढे १८७८चा जंगलकायदा. ज्या ठाकराच्या, कातकऱ्याच्या, महादेव कोळ्याच्या आजोबाने आपल्या खोपटाला सागाचा वासा सहज घातला होता, त्याच्या नातवाला तोच वासा गुन्हा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली कुरकूर इतकी वाढली की सरकारला १८८५ साली कमिशन नेमावे लागले. जहाजाला लाकूड लागतेच. पण ते कसे घ्यावे याचा विचार आपल्याकडे आधी झाला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम आहेत. रयतेने पोटच्या पोरासारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, आणि जीर्ण झालेले झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. शाळेत आज्ञापत्र शिकवताना गडकोटांचे प्रकरण शिकवतात, हे राहते. शिकवायला हवे.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, नवेच बांधावे. तसेही झाले आहे. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकाच्या चित्रावरून गोव्यात एक शिवलेले जहाज बांधले, फळ्या काथ्याने शिवून, खिळा न वापरता. 'कौंडिण्य' हे त्याचे नाव, मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झाले. केरळातल्या कारागिरांना ती शिवण येत होती म्हणून ते होऊ शकले. मला या दोन कामांत भांडण दिसत नाही. कौंडिण्यने हातांची विद्या जागी ठेवली. त्रिंकोमालीत खुद्द ते लाकूड आहे, जमशेटजींच्या माणसांच्या वाकसाच्या खुणांसकट. नव्या जहाजाला तुम्ही प्रश्न विचारलात तर ते आपण गृहीत धरलेलेच उत्तर देणार. जुने जहाज आपल्याला ठाऊक नसलेले सांगते. फळ्यांच्या खाचा किती खोल होत्या, खिळे किती अंतरावर होते, हे त्याच्या अंगावर लिहिलेले आहे.

भारतात वाडियांचे एकही शिडाचे जहाज उरले नाही. मुंबईला जमशेटजींची गोदी आहे. १८१०ची डंकन गोदी अजून नौदलाच्या कामी येते. जहाज पाहायचे तर हार्टलपूल गाठावे लागते. आपल्या खाडीत मात्र अजून कुठे कुठे चिखलात रुतलेला एखादा जुना मचवा किंवा पडाव दिसतो. कल्याण-भिवंडीच्या बाजूला गेलात तर नजर ठेवा. दिसला तर मालकाची परवानगी घ्या, मुलांना बरोबर घ्या, आणि गावच्या सुतारालाही घ्या. लांबी-रुंदी दोरीने मोजा. एका डोळ्याने पाठीची रेघ पाहा. माथ्याच्या फळ्या आधी, पठाण शेवटी. कोणते लाकूड, कोणी बांधला, कोणत्या साली, काय वाहून नेत असे, हे बंदरावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारून वहीत उतरवा. मचवा सरपणाच्याच लायकीचा निघाला तर सरपणात जाऊ द्या. पण वही लिहून होईपर्यंत कुऱ्हाड थांबवा.